वीस बाय पन्नासचा प्लॉट, तोंड पश्चिमेला: आर्किटेक्ट घ्यावा की ठेकेदार पुरे?

मुपो_इंदूर

नमस्कार मंडळी,

रामबागेतलं आमचं सासरचं घर तीन भावांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दीड खोली आणि अर्धी मोरी येते. म्हणून आम्ही बाहेर पडायचं ठरवलं आणि निपानियाच्या बाजूला वीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. रजिस्ट्री झाली, नामांतरण झालं. प्लॉटचं तोंड पश्चिमेला, दोन्ही अंगांना घरं आधीच उभी आहेत. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वर मुलासाठी दोन खोल्या असा विचार आहे.

आता घरात दोन तट पडलेत. मोठ्या दिरांच्या ओळखीचा एक ठेकेदार आहे, नात्यातली काही घरं त्यानेच बांधलीत. 'विथ मटेरियल' चौरस फुटाचा भाव सांगतो, नकाशा पास करून देणारा माणूसही त्याच्याकडचाच. दादा म्हणतात, एवढ्याशा घराला आर्किटेक्ट कशाला, त्या पैशांत मॉड्युलर किचन होईल. मी हट्टाने एका आर्किटेक्ट बाईंना भेटून आले. त्यांनी बांधकाम खर्चाच्या सहा टक्के फी सांगितली, वर जीएसटी. तीस लाखांचं काम धरलं तर एक लाख ऐंशी हजार, आणि त्यावर बत्तीस हजार चारशे. ह्यांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

तर प्रश्न असा, की हजार फुटांच्या प्लॉटला आर्किटेक्ट लागतो का? त्या पैशांचं नेमकं मिळतं काय? इंदूरच्या मंडळींनी सांगावं. पुण्या-मुंबईचेही चालतील, फक्त तिकडचे भाव सांगून घाबरवू नका.

शेव_कांदा

भिया, मॉड्युलर किचनचा मुद्दा आमच्याकडेही बहुमताने पास झाला होता. किचन देखणं आहे, येणारा-जाणारा कौतुक करतो. फक्त दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो.

ठेकेदारपुत्र

वडिलांचा ठेकेदारीचा धंदा, मी साइटवरच वाढलो. तेव्हा बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू द्या.

वीस बाय पन्नास आमच्या मिस्त्र्यांना पाठ आहे. पुढे पोर्च, मग बैठक, एका भिंतीला लागून जिना, मध्ये स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम, मागे बेडरूम, मागच्या एमओएसमध्ये (नियमाने मोकळी सोडायच्या जागेत) धुणं-भांडी. आर्किटेक्टचा नकाशा आला तरी फिरून फिरून इथेच येतो, कारण वीस फुटांत दुसरं बसणार काय? उलट आम्हालाच निस्तरावं लागतं. जिथे बीम येतो तिथून त्यांनी पाइप काढलेला असतो, जिन्याला पायऱ्या मोजून दिलेल्या असतात पण वर डोकं आपटतं. आणि साहेब साइटवर येतात कधी? स्लॅबच्या दिवशी, फोटो काढायला. एलिव्हेशनची, म्हणजे घराच्या दर्शनी रूपाची, हौस असेल तर जरूर घ्या. नाहीतर ओळखीचा ठेकेदार आणि घरचा एक माणूस रोज साइटवर, एवढं पुरतं.

मुरूम_लागेपर्यंत

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. ठेकेदारपुत्र, मांडणी पाठ असेल, पण जमीन प्रत्येक प्लॉटची वेगळी. ताईंनी प्लॉट निपानियाला घेतलाय, म्हणजे कालपरवापर्यंत तिथे गहू-सोयाबीन होतं. माळव्याची ही काळी माती बसाल्ट झिजून झालेली. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की काठी आत जाते. शेताला हे चालतं. घराला नाही, कारण पाया एका कोपऱ्यात उचलला जातो आणि दुसऱ्यात बसतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. दर दिवाळीला पुट्टी भरायची, दर जूनमध्ये ती पुन्हा उघडायची. इंदुरातल्या नव्या कॉलन्यांत फिरा, अशी घरं दिसतीलच.

उपाय सगळ्यांना माहीत आहे. काळी माती ओलांडून मुरूम किंवा दगड लागेपर्यंत खाली जायचं. पण तो कुठे चार फुटांवर लागतो, कुठे दहावर, आणि कधी एकाच प्लॉटच्या पुढच्या-मागच्या टोकाला वेगवेगळ्या खोलीवर. कॉलनी कापताना एखादी जुनी विहीर किंवा नाला बुजवलेला असेल तर मग विचारूच नका. माती फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल करतात. भोक पाडून तळाशी, सोटाच्या साधारण अडीचपट व्यासाचा काँक्रीटचा फुगवटा करायचा. रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडच्या काळ्या मातीसाठीच बसवली. छोट्या घराला ती लागेलच असं नाही, पण लागेल की नाही हे खड्डा घेतल्याशिवाय कोणी सांगू नये. चौरस फुटाच्या भावात ठेकेदाराने पाया पाच फुटांचा धरलेला असतो. मुरूम आठवर लागला की पुढच्या तीन फुटांचे पैसे कोण देणार यावर भांडण होतं, नाहीतर ते तीन फूट खोदलेच जात नाहीत.

आणि एक गोष्ट घरचा माणूस रोज साइटवर असूनही हमखास सुटते. पायासाठी खणलेली तीच काळी माती जोत्याच्या आत भरून टाकतात. वाहून न्यायचं भाडं वाचतं आणि मुरूम विकत आणावा लागत नाही. दोन पावसाळ्यांनी बैठकीतल्या टाइल्स मधोमध वर येतात. लोक टाइलवाल्याला शिव्या देतात.

रिंगांचंही तेच. कॉलमच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगांचे आकडे, म्हणजे टोकाचे हूक, ९० अंशांत वाकवून सोडून देतात, कारण ते पटापट होतं. भूकंपाचं भारतीय मानक आयएस १३९२० म्हणतं १३५ अंश, म्हणजे आकडा आत काँक्रीटच्या गाभ्यात रुतला पाहिजे. जमीन हलली की ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. इंदुरात कुठला भूकंप, असं म्हणू नका, जबलपूरलाही १९९७च्या मेमध्ये भूकंप होईपर्यंत कोणी तो मनावर घेत नव्हतं. हे सगळं ड्रॉइंगवर लिहिलेलं असलं तर मिस्त्रीकडून मागता येतं. नसलं तर मिस्त्रीची सवय हाच नियम.

मुपो_इंदूर

बापरे. मुरूमकाका (दादा म्हणू?), म्हणजे मला आर्किटेक्ट नको, तुमच्यासारखा इंजिनियर हवा, असंच ना?

मुरूम_लागेपर्यंत

दादा चालेल. इंजिनियर तर हवाच, त्यावर माझ्याकडून घासाघीस नाही. पण मी कॉलम उभे करीन ते घर पडू नये म्हणून. तुमच्या सासूबाईंना दुपारी कुठे बसून पेपर वाचता येईल, हे मला विचारू नका.

चौक_आणि_जिना

मी आर्किटेक्ट, इंदुरातच काम करते. बोलण्याला स्वार्थाचा वास येईल, तो गृहीत धरून वाचा.

ठेकेदारपुत्रांनी जी मांडणी सांगितली ती आधी तपासू. पुढचा-मागचा एमओएस सोडला की घराची खोली चाळीस फुटांच्या आसपास उरते. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे उजेड फक्त पुढून आणि मागून. खिडकीतून कामापुरता उजेड साधारण तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट आत जातो. सात फुटांवर खिडकी संपते, म्हणजे चौदा ते सतरा फूट. दोन्हीकडून तेवढे सोडा आणि मध्ये काय उरतं ते पाहा. स्वयंपाकघर! शेव_कांदा यांचा दिवा बारा वाजता तिथेच लागतो. घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त तास उभं असतं, त्याला सगळ्यात अंधारी जागा, आणि ती मिस्त्रीला पाठ आहे म्हणून.

वीस फुटांत दुसरं काय बसणार? जिना भिंतीला न चिकटवता मध्यावर आणला, त्याच्या शेजारी पाच बाय सहाची मोकळी जागा गच्चीपर्यंत उघडी ठेवली आणि वर मुमटीला (जिन्यावरच्या गच्चीतल्या खोलीला) समोरासमोर झरोके दिले, तर उजेड घराच्या पोटात उतरतो. हवेचं त्याहून महत्त्वाचं. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही उतरतात, ही आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट. रात्री खालच्या खिडक्या उघड्या आणि वर गरम हवेला वाट असली की भिंती पहाटेपर्यंत थंड होतात. जिना कोंडलेला असेल तर तीच गरम हवा वरच्या बेडरूममध्ये मुक्कामाला राहते, आणि तिथे तुमचा मुलगा झोपणार आहे.

आता तोंड पश्चिमेला. संध्याकाळी चार ते सहाचं ऊन आडवं येतं, त्याला खिडकीवरचा छज्जा काही करू शकत नाही. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. त्याहून बरं म्हणजे पश्चिमेला पोर्च, वर बाल्कनी, कपाटांची भिंत असलं काहीतरी ढालीसारखं उभं करायचं आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला, मागे न्यायच्या. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं, आपण त्याच्या जरा खाली, त्यामुळे जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा सगळ्यात जास्त गच्ची तापते. वरच्या मजल्याचा एसी किती चालणार हे गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी) आहे की नुसता काळवंडलेला कोबा, यावर बरंचसं ठरतं.

पैशांचं. तुम्हाला जो 'विथ मटेरियल' भाव मिळालाय, त्यात सिमेंट कुठलं, सळई कुठल्या ग्रेडची, टाइल किती रुपये फुटाची, नळ कुठले, दरवाजा फ्लश की लाकडी, हे लिहिलंय का? बहुधा एका कागदावर एक आकडा असेल. दुसऱ्या ठेकेदाराचा आकडा शंभर रुपयांनी कमी असला तरी तो स्वस्त आहे की त्याने काही गाळलंय, हे कळायला मार्ग नाही. आमच्याकडून वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधायचे तपशीलवार नकाशे), दारं-खिडक्यांचं शेड्यूल, वायरिंग-प्लंबिंगचे नकाशे आणि मालाची परिमाणं मिळतात. ती तीन ठेकेदारांना द्या, तिघे एकाच घराचा भाव देतील. फी कुठून वसूल होते असं विचाराल तर मुख्यतः इथून, आणि भिंत पाडून परत बांधावी लागत नाही तिथून.

लोकमान्यनगर_काका

मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त. माझं घर ऐंशीच्या दशकात आमच्या एका ओव्हरसियर मित्राने कागदावर पेन्सिलीने काढून दिलं आणि एका राजस्थानी मिस्त्रीने बांधलं. आर्किटेक्ट पाहिलाही नाही. घर आजही खणखणीत आहे, मे महिन्यात दुपारी पंख्यावर भागतं.

पण चौक_आणि_जिना यांच्या पोस्टनंतर विचार केला की ते का जमलं. प्लॉट चाळीस बाय साठचा होता. चारी बाजूंना मोकळं, चारी बाजूंना खिडक्या, चौदा इंची भिंती, पुढे ओटा, मागे पेरू आणि सीताफळ. त्या काळी जागाच चुका पोटात घालत असे. तुमच्या वीस फुटांत एक फूट चुकीच्या जागी गेला तर तो कुठून आणणार? म्हणजे ज्यांच्याकडे मोठाले प्लॉट होते त्यांचं आर्किटेक्टवाचून भागलं, आणि ज्यांच्याकडे वीतभर जागा आहे ते म्हणतात की एवढ्याशाला कशाला. मला हा हिशोब उलटा वाटतो.

इंदुरात बसून तर आपण हे म्हणूच नये. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची अरण्य वसाहत आपल्याच गावात आहे. इंदूर विकास प्राधिकरणाचा प्रकल्प, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सगळ्यात लहान पस्तीस चौरस मीटरचा. गरिबांना आयती घरं न देता जोतं, संडास-न्हाणी आणि नळ दिला, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नुसते प्लॉट पाडून दिले नाहीत. लोकांना कळावं म्हणून नमुन्याची ऐंशी घरं बांधून दाखवली. जिना बाहेरून ठेवला तर वरचा मजला पुढे वेगळा करता येतो, ओटा रस्त्याकडे ठेवला तर दुकान निघतं, असले विचार त्यात होते. १९९५ साली त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली दोशींना प्रित्झ्कर, आर्किटेक्टांचं नोबेलच म्हणा. मूळचे पुण्यात जन्मलेले, एवढं मराठी माणसाच्या समाधानासाठी.

(अवांतर: स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस होळकर दरबारासाठी इंदूरची योजना करायला आले, त्यांचा अहवाल १९१८चा. प्लेगचे दिवस. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्या जास्त झाडून-पुसून रंगवलेल्या असतील तिथूनच ती जाईल. लोकांनी गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. आजच्या स्वच्छता सर्वेक्षणवाल्यांनी त्यांची एखादी तसबीर लावायला हरकत नाही.)

शेव_कांदा

काका, अवांतरात माझीही भर. यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात माणिकबाग बांधायला एकार्ट मुथेसियस नावाचा तरुण जर्मन आर्किटेक्ट आणला. दिवे-खुर्च्यांपासून सगळं ठरवून केलेलं. आज त्या वाड्यात केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे. तेव्हा ताई, तुमच्या आर्किटेक्टच्या फीवरचे बत्तीस हजार चारशे शेवटी एका आर्किटेक्टच्याच घरी जाणार.

कोथरूड_ते_कनाडिया

माहेर पुण्याचं, सासर इंदूरचं. दुसरी बाजूही लिहिते. माझ्या भावाने आर्किटेक्ट घेतला होता. थ्रीडी चित्रं इतकी सुंदर की आईने व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवली. प्रत्यक्षात पुढच्या काचेच्या भिंतीवर पडदे कायम ओढलेले, कारण ऊन. दुहेरी उंचीची बैठक झाडायला बांबू लागतो. वर्किंग ड्रॉइंग मागितली तर 'साइटवर सांगतो', आणि साइटवर पाठवला शिकाऊ मुलगा. आर्किटेक्ट घेतला की सुटलो असं अजिबात नाही, एवढंच म्हणणं.

इंटिरियरवाल्यांचं तर आणखी वेगळं. पीओपी, प्रोफाइल लाइट आणि सनमायकाच्या फाइली घेऊन येतात, तेव्हा घर बांधून झालेलं असतं. त्यांच्या फर्निचरसाठी बोर्ड हलवायला नव्या भिंती फोडतात.

चौक_आणि_जिना

पटतं, आमच्यात असेही पुष्कळ आहेत. नंबर मात्र तपासता येतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक 'सीए/' आणि पुढे वर्ष असा असतो, कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. १९७२च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. पण मार्च २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की तो कायदा उपाधीपुरता आहे, डिझाइनचं काम करायला इतरांना त्याने बंदी नाही. त्यामुळे 'डिझायनर', 'प्लॅनर', 'कन्सल्टंट' अशा पाट्या कायद्यात बसतात, आणि त्यातले काही कामातही उत्तम असतात. तुम्ही कोणाला काय मागताय ते तुम्हाला माहीत असलं की झालं.

नंबरापेक्षा मी म्हणेन, त्यांनी बांधलेलं, लोक राहून चार-पाच वर्षं झालेलं घर बघा, आणि बघायला मे महिन्यात दुपारी जा. घरातल्या बाईंशी बोला, मालकांशी नंतर. थ्रीडी चित्र शेवटी मागा. पहिल्या भेटीत ज्याने किती माणसं, कोण किती वाजता उठतं, देवघर, लोणच्याच्या बरण्या, सासूबाईंचे गुडघे हे विचारलं नाही आणि एलिव्हेशनची चित्रं उघडली, त्याच्याकडून उठून या. करारात टप्पे लिहून घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि साइटच्या भेटी कुठल्या कामांना ते नाव घेऊन लिहा: आखणी, पायाचा खड्डा, जोतं, प्रत्येक स्लॅबच्या आधी सळई, वायरिंगचे पाइप टाकल्यावर. स्लॅब पडल्यावर येऊन काही उपयोग नसतो.

ठेकेदारपुत्र

स्लॅबच्या आधी सळई बघायला येणाऱ्याला आमच्याकडून चहा आणि कचोरी दोन्ही. खरंच. कारण त्याने बघून सही केली की नंतर आमच्या डोक्यावर येत नाही.

काही गोष्टी आमच्या बाजूने सांगतो, मग थांबतो. काळी माती जोत्यात भरतात हे खरं, आमच्या लाइनीत करतात. पण मालकालाही भाव तोच हवा असतो जो शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी दिला. त्यात मुरूम कुठून येणार? दुसरं, काम चालू असताना भिंत हलवणारा माणूस आर्किटेक्ट नसतो, मालकच असतो. मेव्हणे येतात, म्हणतात बैठक लहान वाटते, की लगेच भिंत दोन फूट मागे. त्याचा बीम खाली लोंबतो आणि नाव आमचं. कागदावर ठरलेलं असलं तर आम्हाला 'नाही' म्हणता येतं.

आणि ताई, नकाशा पास करून देणाऱ्याबद्दल, कारण आमच्याकडेही येतो तो माणूस. तो जे काढतो ते पोर्टलवर पास होण्यासाठी काढतो. एमओएस सोडलेला, एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) बसवलेला. ते घर कोणीच बांधत नाही! पास झालेला कागद एक आणि बांधलेलं घर दुसरं. गृहकर्ज घेणार असाल तर बँकेचा माणूस हप्ता सोडण्याआधी तो कागद हातात धरून साइट बघायला येतो. पुढे विकायला काढाल तेव्हाही घेणारा तोच कागद मागेल. मागचा एमओएस झाकून खोली काढायची आमच्याकडे रीतच आहे, पण मग मागच्या बेडरूमला खिडकी कुठे उघडणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मुरूम_लागेपर्यंत

ठेकेदारपुत्र, हे इतकं सरळ लिहिल्याबद्दल आभार. एकच जोडतो: तराई, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून ओलं ठेवणं. हल्ली बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्याला किमान दहा दिवस पाणी हवं, कोरड्या उन्हाळ्यात चौदा. तीन दिवसांनी पाइप गुंडाळून ठेवणारा मिस्त्री जुन्या सिमेंटच्या हिशोबानेही चुकतो. कॉलमला गोणपाट बांधून ओलं ठेवायला सांगा. टँकरचं पाणी कोणाच्या खात्यात, तेही आधीच लिहा, तराई तिथेच आखडते.

मुपो_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना आणि दादांना बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. दादा काळ्या मातीच्या पोस्टवर गप्प झाले, कारण नात्यातल्या त्या घरांपैकी एका घरातल्या टाइल्स खरोखर वर आल्यात आणि आम्ही सगळे इतकी वर्षं टाइलवाल्यालाच बोलत होतो. 'जागाच चुका पोटात घालत असे' हे सासूबाईंना फार आवडलं, काका.

सध्या ठरलंय ते असं. ठेकेदार दादांच्या ओळखीचाच राहील, पण भाव ड्रॉइंग आल्यावर आणि आणखी दोघांकडून घेऊन. आर्किटेक्ट बाईंना विचारलं, फी कमी होईल का. त्या म्हणाल्या, टक्केवारीऐवजी ठोक रक्कम घेते, एलिव्हेशनचे सोपस्कार आणि इंटिरियर वगळते, भेटी मोजक्या पण ठरलेल्या कामांना, आणि इंजिनियर वेगळा, त्याचे पैसे वेगळे. एकूण आकडा पहिल्या आकड्यापेक्षा बराच खाली आला. ह्यांनी या वेळी कप बाजूला ठेवला. मॉड्युलर किचन पुढच्या वर्षी, आधी कडप्प्याचा ओटा.

आता दोन शंका. एक, रेनवॉटर हार्वेस्टिंग आम्हाला सक्तीचं आहे का? दोन, मुरूमदादा, खड्डा कुठे आणि कधी घ्यायचा, आणि त्या रिपोर्टमध्ये मी काय बघू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

लोकमान्यनगर_काका

मध्य प्रदेशात १४० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला ते बंधनकारक आहे. तुमचा साधारण त्र्याण्णव, म्हणजे तुम्ही सुटलात. (गंमत म्हणजे तीस बाय पन्नासचा प्लॉट १३९ च्या थोडा वर भरतो, तोही अगदी काठावरून सुटतो.) तरी करा. गच्ची सातशे फूट आणि पाऊस नऊशे मिलिमीटर धरला तर वर्षाला पन्नास हजार लिटरच्या वर पाणी पडतं. आपल्याला नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटर उपसून आणावी लागते. पाइप आत्ताच एका कोपऱ्यात आणले तर खर्च किरकोळ आहे. मात्र शोषखड्डा पायाला चिकटून घेऊ नका, काळ्या मातीला तेच पाणी जाऊन लागेल. मुरूम_लागेपर्यंत दुजोरा देतील.

मुरूम_लागेपर्यंत

काकांना दुजोरा. शोषखड्डा पायापासून जितका लांब नेता येईल तितका, आणि पाणी मुरमाच्या थरात सोडायचं, वरच्या काळ्या मातीत नाही.

तपासणीसाठी दोन खड्डे घ्या, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या, तिरपे समोरासमोर. पावसाआधी घ्या, नाहीतर पाणी भरेल आणि काठ ढासळतील. खणताना स्वतः उभ्या राहा आणि थर बदलला की टेप लावून फोटो काढा. वर काळी, मग पिवळसर, मग मुरूम, हे डोळ्यांना दिसतं, त्याला इंजिनियर लागत नाही. शेजारच्या दोन्ही घरांना विचारा त्यांचा पाया किती खोल आहे. सांगतील, लोकांना हे सांगायला आवडतं.

रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. एक एसबीसी, म्हणजे जमीन किती भार पेलते. तो आकडा कुठल्या खोलीवरचा आहे ते बघा, नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दुसरी फ्री स्वेल इंडेक्स. त्यात मातीचे दोन सारखे नमुने घेऊन एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये ठेवतात आणि चोवीस तासांनी पाण्यातला किती जास्त फुगला ते मोजतात, रॉकेलमध्ये माती फुगत नाही म्हणून. ५० टक्क्यांच्या वर असेल तर जोत्याखाली बाहेरून आणलेला मुरूम, घराभोवती एप्रन (भिंतीलगतचा पक्का उतरता पट्टा) आणि बाथरूमचे पाइप गळणार नाहीत याची खातरी, हे तिन्ही करारात लिहायला सांगा. रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, नाव-पत्ता झाकून. मग पायाचं बोलू.